रस्त्याचा मायना

आमच्या गावात ज्याला सरकारदरबारी काही मागावयाचे असते, तो एकदा तरी माझ्या ओसरीवर येतो. मी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकविले, माझे अक्षर बरे आहे आणि अर्ज लिहून देण्याचे मी पैसे घेत नाही; एवढ्या तीन गुणांवर गावाने मला हा मान दिला आहे. विहिरीचे अनुदान, वारसाची नोंद, निराधारांचे पेन्शन, बंद पडलेला नळ, असे शेकडो अर्ज मी आजवर लिहिले असतील.

या लेखनकामाठीत मला एक गोष्ट कळली. अर्जातला मजकूर अवघड नसतो. ज्याचे दुखते त्याला मजकूर आपोआप सुचतो. आपण फक्त तो शुद्ध करून कागदावर उतरावयाचा. अवघड असतो तो मायना. ‘प्रति’ हा शब्द लिहिला की त्याच्याखाली कोणाचे नाव घालावयाचे, हा खरा प्रश्न. ते नाव बरोबर पडले तर अर्ज उशिरा का होईना, कोणाच्या तरी टेबलावर थांबतो. ते चुकले, तर तो या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहतो आणि एके दिवशी ‘आमच्याशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन परत येतो.

हा मायना एका रस्त्याच्या बाबतीत माझ्याच हातून कसा पुसला गेला, ती हकीकत मला सांगावयाची आहे. सणाच्या दिवसांत, फराळाच्या ताटाजवळ बसून वाचावयाच्या अंकात ती थोडी जड वाटेल; पण ज्या रस्त्याने मुले-लेकी दिवाळीला घरी येतात त्याच्याबद्दल बोलावयाला दिवाळीइतका चांगला मुहूर्त दुसरा कोणता?

आमचे गाव नगर जिल्ह्यातले, तालुक्याचे. त्याचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितले तर वाचक ही त्या गावाची गोष्ट म्हणून वाचतील आणि आपले गाव तिच्यातून अलगद वगळतील. गावाच्या मधोमध एक मोठा रस्ता जातो. माझ्या लहानपणी त्याला सारे ‘सडक’ म्हणत. पुढे तो ‘हायवे’ झाला. सरकारी कागदात तो राज्यमार्ग होता. गावाबाहेरून वळणरस्ता झाल्यावर त्याला ‘जुना रोड’ असे नाव पडले. रस्ता मात्र कधी एक हातही हलला नाही. नावे बदलण्याचे आम्हां नगरकरांना आता काही अप्रूपही राहिलेले नाही. २०२४ साली आमच्या जिल्ह्याचेच नाव अहिल्यानगर झाले. आणि तरीही बसथांब्यावर उभा असलेला म्हातारा अजून ‘नगरची गाडी गेली का?’ असेच विचारतो.

रस्त्यांचेही तेच. पुणे-नाशिक रस्ता आमच्या जिल्ह्यात संगमनेरवरून जातो. तो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ५० होता. २०१० साली देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक नव्या पद्धतीने लावले गेले, तेव्हा तो ६० झाला. माळशेज घाट चढून, टाकळी ढोकेश्वर, नगर, पाथर्डी करीत परभणी-नांदेडकडे जाणारा कल्याण-निर्मल रस्ता २२२ होता, तो ६१ झाला. पण हे झाले नुसते क्रमांक. घरावरची पाटी बदलली म्हणून घरमालक बदलत नाही. ‘दर्जा’ ही गोष्ट निराळी आहे. शिर्डीवरून नगरला येणारा रस्ता राज्यमार्ग होता, तो राष्ट्रीय महामार्ग १६० झाला, तेव्हा त्याची नुसती पाटी बदलली नाही; मालकच बदलला.

हे नीट समजावे म्हणून थोडे मागे जाऊ. आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे. संसदेने कायद्याने राष्ट्रीय ठरविलेले महामार्ग केंद्राच्या यादीत आहेत. बाकीचे रस्ते, पूल, नावा हे राज्यांच्या यादीत. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे असा महामार्ग केंद्र सरकारच्या मालकीचा होतो आणि त्याची देखभाल हे केंद्राचे कर्तव्य ठरते. त्याच्या आदल्या वर्षी, १९५५ साली, मुंबई राज्याने आपला महामार्ग कायदा केला होता. त्यात राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली की रस्ता त्यातल्या एका पायरीवर बसतो. या उतरंडीची कल्पना आणखी जुनी. डिसेंबर १९४३ मध्ये देशातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची ही वर्गवारी आखली. तीच पुढे ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच्याही आधी, १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. रस्त्यांचा भार प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना एकट्याने पेलणारा नाही, मध्यवर्ती सरकारने त्याला हातभार लावला पाहिजे, असे तिने सांगितले. आणि पेट्रोलवरच्या जादा करातून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला.

या साऱ्या इतिहासात मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो: याचे कोण पाहणार? ‘वर्गवारी’ हा शब्द ऐकला की आपल्याला उच्चनीचतेची आठवण होते. जणू राज्यमार्ग म्हणजे सरदार आणि ग्रामीण मार्ग म्हणजे गडी. पण नागपुरात बसलेले ते अभियंते रस्त्यांना मानपान देत नव्हते. कोणत्या रस्त्याला कोणी विचारावयाचे, हे ते ठरवीत होते. रस्त्याची रुंदी किती, कडेचे घर मध्यरेषेपासून किती दूर असावे, कडेचे झाड कोणाचे, टोल कोणी घ्यावयाचा, पूल वाहून गेला तर कोणी बांधावयाचा, ही सारी उत्तरे त्या एका दर्जातून निघतात. माझ्या भाषेत सांगावयाचे तर, रस्त्याचा दर्जा म्हणजे त्याच्याबद्दल लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक अर्जाचा मायना.

ही जाणीव कायद्याहून पुष्कळ जुनी आहे. माळशेजच्या शेजारच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा एक दगडी रांजण अजून उभा आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडे, असे परंपरेने सांगतात. जकात घेणारा वाटेची राखण करील, हा त्यातला न बोललेला करार. आणि आमच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई! ज्या प्रदेशांवर त्यांचे राज्य नव्हते तिथेही त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. वाट कोणाच्या हद्दीतली आहे हे न पाहता, वाटसरू तहानलेला आहे एवढेच त्यांनी पाहिले. आज जिल्ह्याला त्यांचे नाव आहे, म्हणून हे आठवण्याची जबाबदारी आमच्यावर थोडी अधिकच येते.

आता माझी हकीकत.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून पाचशे मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत, असा तो हुकूम होता. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू व्हावयाचा होता. कारण उघड होते. २०१५ या एकाच वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ४६ हजारांहून अधिक माणसे मेली होती. गाडी हाकणाऱ्याला वाटेत दारू दिसू नये आणि सहज मिळू नये, एवढाच न्यायालयाचा हेतू. ३१ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने त्यात थोडी सूट दिली. वीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या ठिकाणी अंतर २२० मीटर केले. पण त्याच वेळी हेही स्पष्ट केले की, हुकूम केवळ दुकानांना नव्हे, बसून पिण्याच्या जागांनाही लागू आहे.

माझ्या मावसभावाचे जुन्या रोडवर हॉटेल आहे. खाली जेवणाची खोली, वर परमिट रूम. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. मी दारूला शिवत नाही हे त्याला ठाऊक होते, म्हणून तो जरा वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि मग म्हणाला, “दादा, अकरा माणसं आहेत माझ्याकडं. त्यांतली चार तुझ्या शाळेतली. त्यांना उद्या काय सांगू?”

मग त्याने उपाय सांगितला. रस्ता राज्यमार्ग असेल तर हुकूम लागू; रस्ता राज्यमार्गच नसेल तर? नगरपरिषदेने ठराव करावा की, हा रस्ता आम्ही आमच्याकडे घेतो, सरकारने तो राज्यमार्गांतून वगळावा, म्हणजे झाले. गावातले आणखी काही व्यापारी याच खटपटीत होते. फक्त एक चांगला अर्ज हवा होता.

तो मी लिहिला. त्या अर्जाची प्रत माझ्याजवळ आहे. सदर रस्ता दाट वस्तीतून जातो, असे मी लिहिले. ते खरे होते. वळणरस्ता झाल्यापासून जड वाहतूक गावाबाहेरून जाते, तेही खरे. सदर रस्त्यावर शाळा, बँका व बाजारपेठ असून त्याचे स्वरूप आता शहरांतर्गत रस्त्याचे आहे, अगदी खरे. तरी सदर रस्ता राज्यमार्गाच्या वर्गवारीतून वगळून नगरपरिषदेकडे वर्ग करण्यात यावा, ही विनंती. साऱ्या अर्जात ‘दारू’ हा शब्द एकदाही आला नाही. लिहून झाल्यावर मी तो मोठ्याने वाचला, आणि खरे सांगतो, एका शिक्षकाला आपला निबंध वाचताना होतो तसा आनंद मला झाला.

अशी बुद्धी सुचलेले आम्ही एकटे नव्हतो. चंदीगडने हुकूम लागू होण्याआधीच, मार्च २०१७ मध्ये, आपल्या शहरातल्या रस्त्यांना प्रमुख जिल्हा मार्ग ठरवून टाकले होते. आपल्याकडे जळगाव शहरातले काही रस्ते महापालिकेकडे सोपविण्यावरून मोठा गदारोळ झाला. केरळात परवूर येथील एका मद्यालयाने तर आपल्या दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह उभारला. महामार्गापासून सरळ अंतर कमी, पण चालत जावयाचे अंतर वळणे घेत घेत वाढविलेले. ते वाचून आम्ही पोट धरून हसलो. रस्त्याची जागा तीच ठेवून त्याचे नाव दूर नेणारे आम्ही, जागा तीच ठेवून पायवाट लांबविणाऱ्याला हसत होतो!

हसू ओसरल्यावर मला महाभारतातला तो हत्ती आठवला. द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवावयाला लावण्यासाठी भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला. मग धर्मराजाने ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्याने सांगितले आणि तो हत्ती होता हे हळू आवाजात. खोटे तो बोललाच नाही. मेलेल्या हत्तीचे नाव अश्वत्थामाच होते. वकिलाला विचारले तर तो निर्दोष सुटेल. पण कथा सांगणाऱ्याला ते पटले नाही. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी खाली टेकला. माझ्या अर्जातही प्रत्येक वाक्य खरे होते. खोटे होते ते एवढेच की, ती वाक्ये ज्यासाठी लिहिली होती ते त्यांत नव्हते.

कोणी म्हणेल, नावाने इतके काय होते? आणि कायदा तरी दुसरे काय करतो? अठरावा वाढदिवस उजाडला की आदल्या रात्रीचा अजाण मुलगा सज्ञान होतो. त्या रात्रीत त्याच्या अंगात काही बदललेले नसते. बिनशेतीचा हुकूम झाला की बाजरीचे रान घराची जागा होते. माती तीच असते. हा आक्षेप खरा आहे. नावे दिल्यावाचून कायदा चालतच नाही, आणि परिस्थिती पालटली म्हणजे नावेही पालटावीच लागतात. वळणरस्ता झाल्यावर गावातला जुना राज्यमार्ग गावाकडे यावा, यात वावगे काहीच नाही. तेव्हा नाव बदलणे हे पाप खासच नव्हे.

माझ्या मावसभावाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याने परवाना चोरून मिळविलेला नव्हता. वर्षानुवर्षे त्याने शुल्क भरले होते. बाहेरगावच्या ट्रकवाल्यांपेक्षा गावातलीच माणसे त्याच्याकडे अधिक येत. एका सरसकट हुकुमाने अकरा चुली विझू लागल्या, तर माणूस वाट शोधणारच. आणि न्यायालयालाही पुढे हा फरक पटला. ११ जुलै २०१७ रोजी चंदीगडच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, हुकुमाचा रोख गावे-शहरे जोडणाऱ्या महामार्गांवरील वेगाच्या वाहतुकीवर आहे. नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना त्याची आडकाठी नाही. त्यानंतर मावसभावाची परमिट रूम पुन्हा सुरू झाली. तो पेढे घेऊन आला. “बघ दादा,” तो म्हणाला, “तुझ्या अर्जात जे होतं तेच शेवटी कोर्टानं सांगितलं!”

तो पेढा खाताना मला बरे वाटले. आपण आडवाटेने गेलो, पण पोहोचलो तिथेच जिथे न्याय राजरस्त्याने पोहोचला. मग वाटेचे एवढे काय, असे मी मनाला सांगितले. त्या वेळी हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला होता. त्यातली फट दिसावयाला एक वर्ष जावे लागले.

२०१८ च्या श्रावणात, पाऊस लागून राहिलेला असताना, एक म्हातारी माझ्या ओसरीवर आली. वेशीजवळ भाजी विकावयाला बसते. सारा गाव तिला मावशी म्हणतो. तिचा नातू पहाटे मोटारसायकलला किटल्या अडकवून दूध घालावयाला निघे. जुन्या रोडवर, ऐन वळणावर, पाण्याने भरलेला खड्डा होता आणि खांबावरचे दिवे कित्येक दिवस बंद होते. पोरगा पडला. जीव वाचला, पण गुडघा निकामी झाला. पायात सळई घातली, तरी पाय वाकत नाही. कोणी धडक दिली नव्हती, कोणी प्यालेला नव्हता. फक्त खड्डा होता, अंधार होता आणि त्यांच्याकडे बघणारे कोणी नव्हते.

“गुरुजी, अर्ज लिहून द्या,” मावशी म्हणाली. “पोराचा पाय काही परत मागत न्हाई मी. पण खड्डा तरी बुजवा म्हणावं, दिवा तरी लावा म्हणावं.”

मी कागद घेतला, ‘प्रति’ लिहिले आणि थांबलो.

ती आधीच दोन्हीकडे जाऊन आली होती. एका कचेरीने सांगितले, हा रस्ता आता आमच्या यादीत नाही, नगरपरिषदेने ठराव करून मागून घेतला आहे. दुसऱ्या कचेरीने सांगितले, ठराव झाला हे खरे, पण ताबा अजून रीतसर आलेला नाही, त्यासाठी पैसाही मिळालेला नाही. आम्ही त्यावर खर्च कसा घालावा? दोघेही नियमाला धरून बोलत होते. दोघांचे प्रत्येक वाक्य खरे होते, माझ्या अर्जासारखे. एका दप्तरातून रस्ता निघाला होता आणि दुसऱ्यात तो पोहोचल्याची नोंद नव्हती. मधल्या जागेत खड्डा होता.

जुलैच्या निकालाने मावसभावाचे काम झालेच होते. रस्ता राज्यमार्ग राहिला असता तरी नगरपरिषदेच्या हद्दीतली त्याची परमिट रूम सुरू झालीच असती. म्हणजे आम्ही केलेला खटाटोप अखेर कोणाच्याच कामाचा उरला नाही. पण त्याने रस्त्याचे पालक मात्र हिरावून घेतले. ज्यांना परवाना हवा होता ते ठरावाच्या दिवशी नगरपरिषदेत गर्दी करून होते. दिवे, गटारे, डांबर यांचे काय, हे विचारावयाला त्या दिवशी कोणीच गेले नव्हते. मीही नव्हतो. आम्हांला रस्ता नको होता. तो राज्यमार्ग नसणे तेवढे हवे होते.

इथे मला माझ्या पेढ्याच्या वेळच्या युक्तिवादातली फट दिसली. न्यायालय आणि आम्ही एकाच ठिकाणी पोहोचलो, हे वरवर पाहता खरे. पण न्यायालयाने उघडपणे सांगितले की, हुकुमाचा हेतू असा होता, म्हणून त्याची मर्यादा अशी आहे. ते पटले नाही तर त्याच्यापुढे जाऊन भांडता येते. उत्तर देणारा तिथे बसलेला आहे. आम्ही हेतूविषयी चकार शब्द काढला नाही. गोष्ट आहे तिथेच ठेवून तिच्यावरची चिठ्ठी तेवढी फाडली आणि त्या चिठ्ठीबरोबर जबाबदारीही गळून पडली. अकरा माणसांच्या पोटाचे कारण खरे होते, तर तेच अर्जात लिहावयाला हवे होते: आमच्या गावातला हा रस्ता वेगळा आहे, इथे हुकूम शिथिल करा, आणि त्याबद्दल रस्ता सुरक्षित ठेवण्याची ही ही हमी आम्ही देतो. ते कदाचित फेटाळले गेले असते. पण ते खरे बोलणे झाले असते.

मग दर्जा बदलणे प्रामाणिक केव्हा आणि अप्रामाणिक केव्हा? मी त्यावर पुष्कळ विचार केला. हेतू शुद्ध आहे की नाही, ही कसोटी पुरेशी वाटत नाही; हेतू माणसाला स्वतःलाही नीट दिसत नाही, हे मी अनुभवाने शिकलो. दर्जा वाढला की चांगले आणि घटला की वाईट, हेही खरे नव्हे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांचे मार्ग राष्ट्रीय महामार्ग झाले, वारकऱ्यांना चालावयाला रुंद वाट व्हावी म्हणून. हेतू मोठा, काम मोठे. पण रस्ते रुंद होताना ठिकठिकाणी कडेचे जुने वड गेले, कित्येकांच्या वाडवडिलांच्या ओसऱ्या एका रेषेने हद्दीत आल्या. आमच्या जिल्ह्यातून निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीला जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्या म्हाताऱ्याला रस्त्याचा दर्जा कळत नाही, सावली आहे की नाही हे मात्र पायांना कळते. म्हणजे वरच्या पायरीवर चढवितानाही कोणाचे तरी ऋण राहूनच जाते.

माझ्यापुरती मी एक साधी कसोटी ठरविली आहे. नाव बदलल्यावर त्या रस्त्यावर पडलेल्या माणसाने अर्ज कोणाला लिहावयाचा, हे आधीइतकेच किंवा आधीपेक्षा अधिक स्पष्ट झाले का? झाले असेल, तर दर्जा खुशाल बदलावा. वर न्यावा, खाली आणावा. झाले नसेल, तर ठरावाची भाषा कितीही निर्मळ असो, कोणीतरी कोणाच्या तरी नजरेतून सुटण्यासाठी ते नाव बदलले आहे, असे समजावे. ही कसोटी रस्त्यापुरतीच नाही. कायम नोकरीतल्या माणसाला एके दिवशी ‘कंत्राटी’ म्हणतात; म्हाताऱ्या आईला दोन भावांत सहा-सहा महिने ‘वाटून’ घेतात आणि अधिक महिना आला की तिचे गाठोडे उंबऱ्यावर अडते. प्रत्येक वाटणी कागदावर चोख असते. विचारावयाचे ते एवढेच, की रात्री तिला ताप आला तर तिने हाक कोणाला मारावी?

मावशीच्या अर्जावर अखेर मी दोन्ही कचेऱ्यांची नावे घातली आणि तो तिला वाचून दाखविला. ती शाळेत कधी गेलेली नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, दोघांची नावं घातली म्हंजी कुनाचंच नाव न्हाई घातलं, असं तर नाय ना व्हनार?”

नागरिकशास्त्राची सारी पाठ्यपुस्तके माझ्यासमोर मिटली. मग मला राहवले नाही. आदल्या वर्षीचा अर्ज मीच लिहिला होता, त्यात काय होते आणि काय नव्हते, हे मी तिला सांगून टाकले. ती रागावेल, निदान उठून जाईल, असे मला वाटले होते. खरे म्हणजे तिने रागवावे, अशीच माझी इच्छा होती. ती म्हणाली, “मग आता तुमीच उलटा ल्ह्या की. ज्याला तसं ल्हिता येतं, त्याला असं बी ल्हिता येईल.”

तेव्हापासून मी तो अर्ज लिहितो आहे. नगरपरिषदेने हा रस्ता नुसता कागदावर नव्हे, तर दिवे, गटारे आणि दुरुस्तीच्या खर्चासह आपला म्हणावा, नाहीतर आपला नाही असे स्वच्छ सांगून तो परत करावा, एवढीच माझी मागणी. पहिल्या अर्जावर मावशीचा अंगठा होता आणि त्याखाली माझी सही. दुसऱ्यावर मावसभावानेही सही केली. आढेवेढे घेतले, पण केली. त्याच्या अकरा माणसांपैकी नऊजण रोज रात्री याच रस्त्याने घरी जातात, हे त्याच्या ध्यानात आले होते. काही दिवे लागले, काही पुन्हा गेले. वळणावरचा खड्डा एकदा बुजविला, दोन पावसाळ्यांनी तो परत उघडला. प्रकरण मिटले असे मी म्हणणार नाही. पण आता त्या रस्त्याबद्दल बोलणाऱ्याला गावात कोणी ‘तुमचा काय संबंध?’ असे विचारीत नाही, हे थोडे नव्हे.

दिवाळीत संध्याकाळी मी जुन्या रोडने फिरावयाला जातो. खांबावरचा दिवा लागलेला असो वा नसो, त्या चार दिवसांत रस्ता अंधारा नसतो. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवर पणत्या असतात आणि त्यांचा उजेड आपापल्या पायरीपाशी थांबत नाही. तो खाली उतरून रस्त्यापर्यंत येतो. वळणाजवळच्या शेवटच्या घरापुढे गेल्या वर्षी मावशीचा नातू एक पाय ताठ ठेवून बसला होता आणि पणत्यांत तेल घालीत होता. एक पणती उचलून त्याने ती पार रस्त्याच्या कडेला, खड्ड्याच्या तोंडाशी नेऊन ठेवली. मी विचारले, “तिथं कशाला रे?”

“येणाऱ्याला दिसावं म्हणून, गुरुजी,” तो म्हणाला.